खिडकी क्रमांक दोन

बोटीला अजून चाळीस मिनिटं आहेत
आणि काचेपलीकडे पुन्हा तेच दोघं.
तिच्या नाकावर पांढरं मलम,
त्याच्या हातात घडी विस्कटलेला नकाशा.
"आम्हाला शांत बेट हवंय," तो म्हणतो,
जसा कुणी मासळीबाजारात
बिनकाट्याचा मासा मागावा.

शांत.
किंग्जटाऊनच्या धक्क्यावर एकवीस वर्षं मी तिकिटं फाडतेय,
दर हंगामात हा शब्द ऐकते
आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा निघतो.
कुणाला शांत म्हणजे पहाटे कोंबडा नको,
कुणाला वायफाय हवं, पण साहेबाचा फोन नको.
एका म्हाताऱ्या डच बाईला
नवऱ्याची राख सोडताना बघणारं कुणी नको होतं.
तिला मी मायरोचं तिकीट दिलं.
सुट्टे घेताना तिची बोटं गार लागली,
एवढ्या उकाड्यात.

तर मी सांगू लागते.
बेक्वेला जा, तासाभराची बोट.
तिथे माझी मावसबहीण अर्लीन असते,
तिचा नवरा ओंजळीत मावतील एवढ्या होड्या कोरतो.
खरी होडी विकली त्याने,
तेव्हापासून.

कॅनवानला पाणी असं निळं
की डोळे मिटले तरी आत राहतं.
पण अर्ध्या बेटाला फाटक आहे.
फाटकावरच्या गॉडफ्रीला आत काय आहे विचारू नका,
फाटकाला जेवढं ठाऊक तेवढंच त्याला.

मायरोला एकच रस्ता.
तो चढतो, चर्चपाशी दम खातो, उतरतो, संपतो.
गेल्या फेब्रुवारीत एक जोडपं
चौथ्याच दिवशी माझ्या काचेवर टकटक करत आलं,
"तिथे काहीच नाही हो बाई!"
मी म्हटलं, "मग? सगळं मिळालं ना?"

नाकावर मलम लावलेली हसते.
तो नकाशा खाली ठेवतो आणि विचारतो
जे सहसा कुणी विचारत नाही,
"तुम्ही सुट्टीला कुठे जाता?"

पंखा कुरकुरत इकडून तिकडे मान फिरवतो.

मी युनियनला जाते. दक्षिणेच्या टोकाला, मालबोटीने,
शेळ्या आणि कांद्याच्या पोत्यांमध्ये बसून.
पिशवीत तीन किलो खिळे, बिजागऱ्या, खारवलेला मासा.
वादळाने भावाचं छप्पर नेलं
आणि भिंतीवरचं घड्याळ ठेवलं, तेही चालू.
कॉस्मस म्हणतो, चेष्टा करावी तर अशी.
दोन आठवडे मी पत्रा धरते, तो ठोकतो,
अर्धे खिळे वाकडे, अर्धा दिवस शिव्या.

चार वाजता हातोडा थांबतो.
आम्ही तुळईवर पाय सोडून बसतो.
भाजलेला ब्रेडफ्रूट वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
इतका गरम की या हातातून त्या हातात नाचवावा लागतो.
ताज्या लाकडाचा वास. मधे मधे समुद्राचा.
खाली खाडीत पांढऱ्या नौका,
एकीच्या डेकवर कुणीतरी बाई
तोंडावर पुस्तक उपडं ठेवून झोपलेली.
कधी ती जागी होते, आम्हाला बघते, हात हलवते.
तिच्या फोटोत आम्ही आहोत, बहुतेक.
कॉस्मस उत्तरादाखल हातोडा हलवतो.
मग बराच वेळ दोघांपैकी कुणी बोलत नाही.

पूर्वेची बाजू अजून उघडीच आहे.
दर वर्षी पत्रे महागतात,
कॉस्मस कपाळाला हात लावतो
आणि मी, सख्खी बहीण,
मनातल्या मनात म्हणते, महागू देत.

हे काचेच्या भोकातून कसं सांगायचं?
आणि सांगितलं तर
उद्या ते तुळईचं भाडं विचारतील.

"बेक्वे," मी म्हणते. "दोन ना?
डावीकडे बसा.
उजवीकडे पाणी उडतं."